दोन वलयांची सांधणी

उच्च रक्तदाबावरील लोसार्टन या औषधाच्या रेणूत सहा-सहा कार्बन अणूंची दोन वलये एकमेकांना थेट जोडलेली असतात. अशा संयुगांना बायअरिल संयुगे म्हणतात. बोस्कॅलिड हे बुरशीनाशकही याच कुळातील होय.

ही वलये जोडणे दीर्घकाळ कष्टाचे होते. १९०१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ उलमान यांनी त्यासाठी तांब्याची भुकटी वापरली. परंतु या पद्धतीत सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमान लागे आणि तांबेही पुष्कळ खर्ची पडे. शिवाय दोन भिन्न वलये जोडू गेल्यास हव्या त्या संयुगाबरोबर नको असलेली संयुगेही तयार होत.

जपानमधील होक्काइडो विद्यापीठात अकिरा सुझुकी, नोरिओ मियाउरा व त्यांचे सहकारी यांनी १९८१ मध्ये सुलभ मार्ग दाखविला. त्यांनी एका वलयावर ब्रोमिनसारखा हॅलोजन, तर दुसऱ्यावर बोरॉनचा गट ठेवला. त्यामुळे कोणते वलय कोणाशी जोडावयाचे, हे आधीच निश्चित झाले. उत्प्रेरक पॅलेडियमचा अणू प्रथम पहिले वलय व हॅलोजन यांच्यामध्ये शिरतो. मग अल्कलीच्या साहाय्याने बोरॉन आपले वलय पॅलेडियमच्या स्वाधीन करतो. शेजारी आलेली दोन्ही वलये परस्परांशी जोडली जाऊन बाहेर पडतात आणि पॅलेडियम पुढील फेरीस मोकळा होतो. म्हणूनच शंभर रेणूंमागे त्याचे दोन-तीन अणूही पुरे पडतात. अल्कली म्हणून धुण्याचा सोडा चालतो, पाण्याचे वावडे नसते आणि सुमारे ८० अंश तापमानात काम भागते. या क्रियेनंतर उरणारी बोरॉनची संयुगेही तुलनेने कमी विषारी असतात.

कार्बनी संयुगे जोडण्याच्या पॅलेडियम-पद्धतींबद्दल २०१० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक रिचर्ड हेक, एइ-इची नेगिशी व सुझुकी यांना विभागून मिळाले.

उत्प्रेरक क्रियेत खर्च होत नाही, असे शाळेत शिकविले जाते. तथापि तो नाहीसाही होत नाही, हे कारखान्यात विसरून चालत नाही. पॅलेडियम अत्यंत महाग असून त्याचे उत्पादन मुख्यत्वे रशिया व दक्षिण आफ्रिका या देशांत होते. त्याचा अंश औषधात राहणेही इष्ट नाही. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, पोटात घ्यावयाच्या औषधांतून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक पॅलेडियम शरीरात जाता कामा नये. त्यामुळे वलये जोडण्याइतकेच, जोडणारा धातू शेवटच्या कणापर्यंत वेगळा काढून पुन्हा उपयोगात आणणे हेही या शास्त्राचे महत्त्वाचे अंग ठरले आहे.