वाघाची वाट

मुलांनो, तुम्हांला वाघ व्हायला आवडेल का? “हो! मग आम्हांला कोणीच रागावणार नाही,” असे तुम्ही म्हणाल. चला, थोडा वेळ वाघ होऊन पाहा.

तुमचा जन्म २०१६ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात झाला. लहानपणी आई शिकार करी आणि तुम्ही खात होता. आता तुम्ही मोठे झालात. प्रत्येक नर वाघाला स्वतःचा वेगळा प्रदेश लागतो. तुमच्यासाठी येथे जागा नाही. म्हणून २०१९च्या जून महिन्यात तुम्ही घर सोडता. तुमच्या गळ्यात शास्त्रज्ञांनी एक पट्टा बांधला आहे. तुम्ही कोठे आहात, हे त्यांना त्यावरून कळते.

रात्री चालायचे. दिवसा नाल्यात किंवा झुडपात लपून राहायचे. पुढे शेते आहेत, नद्या आहेत, गाड्यांनी भरलेले रस्ते आहेत. तेलंगण, नांदेड, हिंगोली मागे पडतात. भूक लागते, पण शिकार रोज मिळत नाही. रस्ता विचारायला कोणी नाही.

डिसेंबरमध्ये तुम्ही आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचता. येथे दाट झाडी आहे. नीलगायी आणि रानडुकरे आहेत. तुम्ही येथेच थांबता. पण तुमच्या हाकेला उत्तर येत नाही. या जंगलात दुसरा वाघ नाही, वाघीणही नाही.

मुलांनो, ही गोष्ट खरी आहे. या वाघाला लोक ‘वॉकर’ म्हणू लागले. नऊ महिन्यांत तो सुमारे ३००० किलोमीटर चालला. २०२० साली त्याच्या गळ्यातील पट्टा काढण्यात आला.

ज्ञानगंगा अभयारण्य सुमारे २०५ चौरस किलोमीटर आहे. तेथे वॉकरला पोटभर अन्न मिळाले, पण सोबत मिळाली नाही. एक जंगल दुसऱ्या जंगलाला झाडाझुडपांनी जोडलेले असेल, तर वाघ सुखाने ये-जा करू शकतात. तेवढी वाट आपण त्यांच्यासाठी मोकळी ठेवली पाहिजे.

आता सांगा, वाघ होणे सोपे आहे का?

शब्दार्थ
अभयारण्य – प्राण्यांसाठी राखलेले जंगल
झुडूप – लहान, दाट झाड
सोबत – साथ

स्वाध्याय
१. वाघाने टिपेश्वर का सोडले?
२. ज्ञानगंगेत वाघाला काय मिळाले? काय मिळाले नाही?
३. तुम्ही रानातील कोणता प्राणी व्हाल? त्याच्या एका दिवसाविषयी पाच वाक्ये लिहा.