दोनशे मीटर तार आणि घरघर

प्रश्न : नवरात्रात मंडपातील मिक्सरपासून दोनशे मीटरवरच्या अॅम्प्लिफायरपर्यंत केबल नेली की कर्ण्यांतून घरघर येते. उपाय काय? (एक वाचक, तुळजापूर)

उत्तर : विजेच्या तारांलगत गेलेली इतकी लांब केबल 50 हर्ट्‌झचा उपद्रव ग्रहण करणारच, म्हणून ध्वनिसंकेत पीळ दिलेल्या दोन तारांतून परस्परविरुद्ध रूपात पाठवावा, म्हणजे दोहोंत सारखाच शिरलेला उपद्रव, पलीकडचे मंडल केवळ दोहोंतील भेद मोजत असल्याने, आपोआप बाद होतो. तथापि या व्यवस्थेचे खरे मर्म विरुद्ध संकेतात नसून दोन्ही तारांच्या समान संरोधात आहे, आणि नेमके तेच पुष्कळदा नजरेआड होते. मीटरला 100 पिकोफॅरड धरल्यास तुमच्या केबलची धारिता 20 नॅनोफॅरड भरते. हा भार थेट माथी आल्यास 5532 सारखा ऑप-अँप स्वतःच दोलन करू लागण्याचा संभव असतो, सबब प्रत्येक शाखेत एक टक्का अचूकतेचा 47 ओहमचा रोधक घालावा. तरीही वरची मर्यादा 80 किलोहर्ट्‌झपलीकडेच राहते. संबळ-झांजेच्या टिपेला बाध येत नाही.

एवढ्यानेही घरघर उरली, तर अॅम्प्लिफायरच्या तोंडाशी 1:1 ऑडिओ ट्रान्सफॉर्मर बसवावा. उपकरणाचे अर्थिंग मात्र कदापि काढू नका. तेथे जिवाशी गाठ आहे.