रोज नवं शरीर, मग ‘मी’ कोण?

प्रश्न : डेव्हिड लेव्हिथन यांची ‘एव्हरी डे’ वाचली. त्यातलं ‘ए’ हे पात्र रोज दुसऱ्याच कुणाच्या शरीरात जागं होतं. मग ‘ए’ नेमकं कोण? शरीरच आपलं नसेल, तर ‘मी’ म्हणावं असं काय उरतं?
– अकरावीतली एक वाचक, सांगली

उत्तर : परकायाप्रवेश आपल्याला नवा नाही. महानुभाव परंपरा सांगते की चांगदेव राऊळांनी देह ठेवला आणि भडोचच्या प्रधानाच्या मृत मुलाच्या, हरपाळदेवाच्या देहात प्रवेश केला. तेच पुढे चक्रधरस्वामी झाले. तिथे प्रवेश स्वेच्छेचा आहे. २०१२ साली आलेल्या या कादंबरीत ‘ए’ला निवड नाही. सोळा वर्षांचं कुणीही, मुलगा किंवा मुलगी, वाट्याला येतं आणि मध्यरात्री सुटतं. कायमचं असं ‘ए’जवळ एकच, स्वतःचं ईमेल खातं.

म्हणून शरीर म्हणजे नुसता सदरा, असं समजू नकोस. व्यसनी मुलाच्या शरीरात ‘ए’चा अख्खा दिवस त्या शरीराची तलफ दाबण्यात जातो. केल्सीच्या शरीरात जाग येते, तेव्हा तिचं नैराश्य ‘ए’च्याही विचारांवर दाटून येतं. तिची वही उघडल्यावर कळतं की ती जीव द्यायच्या विचारात आहे. शरीर आपलं म्हणणं मांडतंच, आणि ते ऐकून ‘ए’ला काहीतरी ठरवावं लागतं. ‘ए’ तिच्या वडिलांना सगळं सांगतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला या ठरवण्यात दिसतं. जिच्यावर जीव जडला, त्या रिॲननच्याच शरीरात एक दिवस ‘ए’ जागं होतं. तिच्या आठवणी हाताशी असतात, पण त्या चाळायच्या नाहीत, असं ‘ए’ ठरवतं. पाहणारं कुणी नसताना पाळलेली ही मर्यादा हीच ‘ए’ची खरी ओळख. फिन या लठ्ठ मुलाबद्दल मात्र ‘ए’ फार कठोर बोलतं. ते मला खटकलं, कारण बाकीच्यांना दिलेला आदर त्याला मिळत नाही.

रंग, उंची, आजार, घर यांतलं फारसं काही आपणही निवडून आलेलो नाही. मिळालेल्या शरीराशी आणि भोवतालच्या माणसांशी आपण कसं वागतो, त्यातून ‘मी’ घडत जातो. आता ‘अनदर डे’ (२०१५) वाच. तीच गोष्ट तिथे रिॲनन सांगते, आणि रोज चेहरा बदलणाऱ्याला ओळखायचं कसं, हा प्रश्न तिच्या बाजूने उलगडतो.