पैज भाच्याची, पैसे मामाचे

प्रश्न : मी निवृत्त अभियंता आहे, पुण्यात राहतो. गेली वीस वर्षे गोल्फ खेळतो आणि चारही मोठ्या स्पर्धा जागून पाहतो. माझा भाचा इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. २०२३ च्या ब्रिटिश ‘ओपन’ला त्याने माझ्या सांगण्यावरून, स्वतःच्या पैशांनी, शुभंकर शर्मावर १० पौंडांची ‘ईच-वे’ पैज लावली होती. भाव २५० ला १ होता. शुभंकर आठवा आला. माझ्या हिशेबाने ५१० पौंड यायला हवे होते, खात्यात २५५ च आले. ही फसवणूक नाही का? यंदा मीच त्याला लाखभर रुपये पाठवून दोन-तीन दावेदारांवर लावायचे म्हणतो. तिकडे हे सगळे कायदेशीर आहे. जिंकलो तर तो रक्कम भेट म्हणून पाठवेल. भेटीवर कर नसतो ना? क्लबातले एक मित्र म्हणतात, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला, इथेच ‘आयडी’ घ्या.
— नाव न छापण्याची विनंती, पुणे

उत्तर : आधी त्या २५५ पौंडांचे पाहू. फसवणूक झालेली नाही.

‘ईच-वे’ म्हणजे एका चिठ्ठीवर दोन पैजा. महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर जाणाऱ्यांना ‘विन’ आणि ‘प्लेस’ ठाऊक असतात, तसेच हे. १० पौंड शुभंकर जिंकण्यावर आणि १० पौंड तो ठरावीक क्रमांकांत येण्यावर, म्हणजे भाच्याचे खरे तर २० पौंड गेले. तुमचा ५१० चा आकडा पाहता अट पहिल्या आठ क्रमांकांची आणि प्लेसला भावाचा पाचवा हिस्सा, अशी असणार. २५० चा पाचवा हिस्सा ५०. १० पौंडांवर ५०० आणि मूळचे १०. इथवर तुमचे गणित बरोबर आहे.

आता त्या रविवारचा फलक आठवा. रॉयल लिव्हरपूलवर ब्रायन हर्मन सहा फटक्यांनी जिंकला. दुसऱ्या क्रमांकावर चौघे बरोबरीत होते, सहाव्यावर दोघे. झाले सात. आठव्या जागेवर शुभंकर आणि कॅमेरॉन यंग, दोघेही पाच अंडर पारवर. जागा एक, हक्कदार दोन. अशा वेळी ‘डेड हीट’चा नियम लागतो. भाव तोच राहतो, पण तुमची लावलेली रक्कम अर्धीच धरली जाते. म्हणजे ५ पौंडांवर २५० आणि ते ५, एकूण २५५. फलकावर आठच्या आधी बरोबरी दाखवणारे जे ‘टी’ अक्षर होते, त्याची ही किंमत. त्याच आठवड्यात दहा क्रमांकांपर्यंत पैसे देणाऱ्या बुकमेकरकडे तोच भाव आणि तोच हिस्सा मिळाला असता, तर पूर्ण ५१० हाती आले असते. गोल्फमध्ये बरोबरी ही रोजची गोष्ट आहे, म्हणून भावाइतकीच किती क्रमांकांपर्यंत पैसे मिळतात ही ओळ वाचावी.

दावेदारांबद्दलही थोडे. भाव ५ ला १ असेल तर त्याचा अर्थ सहात एक संधी. ‘ओपन’मध्ये १५६ खेळाडू उतरतात. सगळ्यांच्या भावांतून अशी संधी काढून बेरीज केलीत तर ती शंभर टक्क्यांच्या वर जाते, आणि वरचा भाग बुकमेकरचा. रोरी मॅकिलरॉय २०१४ नंतर एप्रिल २०२५ पर्यंत एकही मोठी स्पर्धा जिंकला नाही, आणि या जवळजवळ अकरा वर्षांत तो क्वचितच दावेदारांच्या यादीबाहेर होता. उलट २००३ मध्ये बेन कर्टिस जागतिक क्रमवारीत ३९६ वा असताना ‘ओपन’ जिंकून गेला. खेळ कळणे आणि विजेता कळणे या दोन गोष्टी आहेत. तुमची वीस वर्षे पहिल्यासाठी नक्कीच उपयोगी आहेत.

आता कायदा. ब्रिटनमध्ये २००५ च्या जुगार कायद्याखाली, परवानाधारक बुकमेकरकडे, अठरा वर्षांवरील कुणालाही अशी पैज लावता येते. जिंकलेल्या रकमेवर तिथे लावणाऱ्याला कर नाही, आणि सप्टेंबर २००७ पासून पैशांसाठी बुकमेकरला कोर्टातही खेचता येते. पण हे सगळे हक्क भाच्याचे. खाते त्याचे, ओळखपत्र त्याचे. दुसऱ्याच्या वतीने पैज लावायची नाही ही अट बहुतेक ठिकाणी असते, आणि ती मोडल्याचे कळले तर पैज रद्द होऊ शकते. तुमचे नाव त्या साखळीत कुठेच नाही.

मग तुमच्याकडे भाच्याविरुद्ध काही हक्क उरतो का? भारतीय करार कायद्याचे ३० वे कलम पैजेचा करार रद्दबातल ठरवते. देशाच्या इतर भागांत पैजेच्या अनुषंगाने केलेले करार, म्हणजे दलाली किंवा उसनवारी, कधी कधी टिकतात. आपल्याकडे तेही नाही. जुन्या मुंबई प्रांताचा १८६५ चा कायदा अशा पूरक करारांनाही रद्दबातल करतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या घेरूलाल पारख खटल्यात हा फरक स्पष्ट नोंदवला आहे. उद्या रकमेवरून मामा-भाच्यांत बिनसले, तर कोर्टाचा दरवाजा तुमच्यासाठी जवळजवळ बंद आहे. नात्यात असा व्यवहार मला फार जड वाटतो. भाच्याने दिले तर मिळाले, नाही दिले तर बोलायची सोय नाही, आणि मधे तुमची बहीण.

लाख रुपये पाठवायचे कसे, हा पुढचा अडसर. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, हे खरे. पण लॉटरीची तिकिटे, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक अशा गोष्टींसाठी परकीय चलन पाठवायला फेमा या परकीय चलन कायद्याच्या नियमांत बंदी आहे. बँकेच्या अर्जावर कारण लिहावे लागते. तिथे ‘भेट’ लिहून पैसे पैजेसाठी पाठवलेत, तर ते खोटे निवेदन झाले. फेमाखाली दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जातो. पेन्शनवर राहणाऱ्या माणसाने अशा अर्जावर सही करू नये.

भेटीच्या कराबद्दल तुमची समजूत निम्मी बरोबर आहे. मामाने भाच्याला दिलेली भेट करमुक्त, कारण आयकराच्या यादीत आई-वडिलांचे भाऊ-बहीण ‘नातेवाईक’ आहेत. उलट दिशेने मात्र भाचा त्या यादीत नाही. वर्षभरात अशा भेटी मिळून ५० हजारांच्या वर गेल्या, तर सगळी रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते. आणि लावलेले पैसे तुमचेच असतील तर ती भेट नव्हेच, ती तुमची जिंकलेली रक्कम. त्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्या करावर ४ टक्के उपकर. बाकी उत्पन्न करपात्र नसले तरी हा कर चुकत नाही, आणि हरलेल्या पैजा पेन्शनमधून वजा होत नाहीत. रक्कम आधी बहिणीच्या खात्यात घेऊन मग तुमच्याकडे वळवण्याची युक्ती कुणी सांगेल. पैसा कुठल्याही खात्यातून फिरला तरी मूळ बदलत नाही.

शेवटी त्या ‘आयडी’चे, म्हणजे इथल्या ऑनलाइन सट्ट्याच्या खात्याचे. मला खरी धास्ती याची आहे. महाराष्ट्राच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात पैज लावणे जुगारातच मोडते. परवानगी असलेल्या घोड्यांच्या शर्यतींना त्यात सवलत आहे, गोल्फला नाही. ‘हा कौशल्याचा खेळ’ हा युक्तिवाद १९९६ पासून, घोड्यांच्या शर्यतींवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, बरीच वर्षे चालला. २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांत कौशल्य की नशीब हा भेदच काढून टाकला आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, बँकांना असे व्यवहार करायला मनाई. खेळणाऱ्याला तो कायदा गुन्हेगार मानत नाही, पीडित मानतो.

पण त्या कायद्यात शिक्षा नाही म्हणजे नुकसान नाही, असे नव्हे. माझ्याकडे बँकेचे उतारे घेऊन लोक येतात. त्यांत रात्री एक-दीडला पाच-पाचशेचे यूपीआयचे व्यवहार असतात, दर वेळी वेगळ्या नावाने. ही भाड्याची खाती असतात. त्याच खात्यांतून दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीचे पैसेही फिरलेले असतात. तक्रार झाली की सायबर पोलीस पैशांचा माग काढतात, आणि ज्याला त्या खात्यातून दोन हजार ‘जिंकून’ मिळाले त्याचेही खाते गोठते. पेन्शन आली तरी काढता येत नाही. गुन्हा परराज्यात नोंदलेला असेल, तर तिथल्या ठाण्यापर्यंत पत्रव्यवहार. सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला औषधांसाठी मुलाकडे हात पसरावा लागतो, हे मी पाहिले आहे.

२०२३ चे पैसे भाच्याने पाठवले असतील तर काळजी नको. पैज त्याची होती, पैसे त्याचे होते, तुम्ही फक्त नाव सुचवलेत. त्या वर्षातल्या इतर भेटी धरून ५० हजार ओलांडले नसतील तर करही नाही. मित्राला तुमचा खाते क्रमांक किंवा यूपीआय दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल आणि अनोळखी नावाने काही जमा झाले असेल, तर त्याला हात लावू नका. त्याच दिवशी शाखेत लेखी कळवा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर नोंद करा.