गोरेपणाची ट्यूब आणि न सुटणारी सवय

काशीतील दूधविनायक, ब्रह्माघाट, दुर्गाघाट या जुन्या मराठी वस्तीत काय किंवा पुण्या-नागपुरात काय, घरात लग्नाची बोलणी सुरू झाली की औषधाच्या दुकानातून एक लहानशी ट्यूब येते. शेजारणीने सुचवलेली, चिठ्ठीवाचून मिळालेली. थोड्याच दिवसांत चेहरा उजळतो आणि नेमके तेथेच आपण अडकतो.

अशा अनेक मलमांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी एखादे स्टेरॉइड असते. त्याने त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात, दाह दबतो, रंगद्रव्य कमी तयार होते. हा उजाळा आरोग्याचा नव्हे. पुढे त्वचा पातळ होते, तांबड्या रेषा उमटतात, मुरुमे येतात, गालांवर लव वाढते. मलम थांबवताच आकसलेल्या रक्तवाहिन्या फुलतात. चेहरा लाल होऊन भाजल्यासारखी आग होते, उन्हात उभे राहवत नाही. पुन्हा मलम लावले की आग शमते. दुखण्याचे मूळ तेच औषध वाटू लागते. याला मनाचा दुबळेपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

भारतातील त्वचारोगतज्ज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी असलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉइड मलम लावत होते. मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशी १४ स्टेरॉइडे अनुसूची ‘एच’ खाली आणली. त्यांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. नियम झाला, पण आरशासमोरची घालमेल नियमाने थांबत नाही. (पाश्चात्त्य देशांत हीच ओढ उलट दिशेने जाते: तेथे कातडी सावळी करण्यासाठी कृत्रिम अतिनील किरण घेतात, आणि तेही कर्करोगकारक ठरले आहेत.)

सवय सोडवताना पहिली चूक टाळा: बरेच महिने लावलेले मलम मनानेच एकाएकी बंद करू नका. त्वचारोगतज्ज्ञ ते कमी करत नेतील किंवा थांबवून दाहावर दुसरे औषध देतील. त्वचा सावरण्यास कित्येक महिने लागू शकतात. प्रारंभीचे आठवडे कठीण जातात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. ट्यूब आरशापासून दूर ठेवा. हात तिच्याकडे कधी वळतो, हे वहीत टिपा. बहुतेकदा कोणी रंगावरून काही बोलल्यानंतर किंवा छायाचित्र पाहिल्यानंतर तो वळतो, असे आपल्याच ध्यानात येईल. त्या वेळी गार पाण्याची पट्टी चेहऱ्यावर ठेवा. लिंबू, बेसन, हळद यांचे लेप मात्र या काळात नकोत. पातळ झालेल्या त्वचेला ते झोंबतात.

तपासणीस जाताना वापरलेली ट्यूब, रिकामी असली तरी, सोबत न्या. आतील घटकांची नावे तिच्यावरच छापलेली असतात.