‘कन्सिस्टंट’ : सातत्य आणि सुसंगती

‘कन्सिस्टंट’ हा इंग्रजी शब्द आता मराठी बोलण्यात चांगलाच रुळला आहे. वर्गात आम्ही त्याचा अर्थ विचारतो, तेव्हा बहुतेक विद्यार्थी ‘सातत्य असलेला’ असे उत्तर देतात. हे उत्तर चूक नाही. पण अपुरे आहे.

या शब्दाच्या मुळाशी लॅटिन भाषेतील ‘एकत्र उभे राहणे’ ही कल्पना आहे. त्याचे आज दोन अर्थ होतात. पहिला काळाशी निगडित : तीच गोष्ट त्याच रीतीने होत राहणे. त्याला मराठीत ‘सातत्यपूर्ण’ म्हणावे. दुसरा परस्परसंबंधाचा : एका गोष्टीने दुसरीला छेद न देणे. त्याला ‘सुसंगत’ म्हणावे. विद्यार्थ्याचा अभ्यास सातत्यपूर्ण असतो. साक्षीदाराचे म्हणणे पुराव्याशी सुसंगत असते. या शब्दांची अदलाबदल केली, तर वाक्याचा अर्थच बिघडतो. शिवाय नुसते सातत्य हा गुण नव्हे. रोज उशिरा येणाराही सातत्य राखतोच!

इतिहासाच्या अभ्यासात हा भेद फार मोलाचा ठरतो. १९४८ साली भाषावार प्रांत आयोगापुढील निवेदनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईसह एकसंध महाराष्ट्राचा पुरस्कार केला. १९५५ साली ‘थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स’ या ग्रंथात मात्र त्यांनी मराठी भाषकांची चार राज्ये सुचविली. मत बदलले, हे उघड आहे आणि बाबासाहेबांनी ते लपविले नाही. जुन्या मताला चिकटून राहण्यापेक्षा आपल्या मताची जबाबदारी घेणे मोठे, असा त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेचा आशय आहे.

परंतु एक गोष्ट दोन्ही ठिकाणी कायम आहे. राज्याची राजभाषा केंद्राचीच असावी, हा त्यांचा आग्रह. भाषिक राज्य हे वेगळे राष्ट्र बनू नये, ही त्यामागची चिंता. म्हणजे आराखड्यात सातत्य नाही. तरी दोन्ही आराखडे त्या एकाच चिंतेशी सुसंगत आहेत. ज्यांना हा भेद कळत नाही, ते अशा बदलाला सरसकट विसंगती म्हणून मोकळे होतात.

म्हणून आमच्या आजी-माजी विद्यार्थ्यांना आमचे सांगणे असे : कोणाचेही मत बदललेले दिसले, तर दोष देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. बदलले काय? आणि टिकले काय? या दोन्हींची उत्तरे मिळाल्यावरच त्या माणसाविषयी ‘कन्सिस्टंट’ हा शब्द वापरावा किंवा नाकारावा.