नकलांचा भरवसा : रिलेशनल डेटाबेस आणि त्याचे व्यवस्थापन

पेढीवर हिशेब लिहिण्याची जी जुनी पद्धत आहे, तिच्यात दोन वह्या महत्त्वाच्या. प्रत्येक व्यवहार घडेल त्या क्रमाने जिच्यात उतरतो ती रोजकीर्द. आणि तोच व्यवहार पुढे ज्याच्या त्याच्या खात्यावर जिच्यात चढतो ती खतावणी. खतावणी भिजली किंवा फाटली, तरी आरंभीची शिल्लक व रोजकीर्द शाबूत असेल तर मुनीम सारी खाती पुन्हा उभी करू शकतो. संगणकातील डेटाबेसचे रक्षण आज ज्या तत्त्वावर चालते, ते याहून फार निराळे नाही.

१९७० साली आय.बी.एम. कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील ई. एफ. कॉड यांनी एका शोधनिबंधात माहिती कोष्टकांच्या रूपाने साठविण्याची कल्पना मांडली. एका कोष्टकात विद्यार्थ्यांची नावे, दुसऱ्यात त्यांचे गुण, आणि दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे परीक्षा क्रमांक. यालाच रिलेशनल डेटाबेस म्हणतात. कोष्टके ही त्याची खतावणी. परंतु कोणताही बदल प्रथम ‘लॉग’ नावाच्या फाइलमध्ये क्रमाने लिहिला जातो; कोष्टकाची फाइल त्यानंतर बदलते. वीज मध्येच गेली तरी लॉग वाचून डेटाबेस पूर्वस्थितीवर येतो. लॉग ही त्याची रोजकीर्द होय.

नक्कल कशी होते?

एकच संगणक बंद पडला तर सर्व कारभार ठप्प होईल. यास्तव मुख्य सर्व्हरचा लॉग दुसऱ्या सर्व्हरकडे सतत पाठविला जातो आणि तो तेथे तेच बदल पुन्हा करतो. यालाच रेप्लिकेशन म्हणतात. यात दोन रीती आहेत. पहिलीत दिलेली आज्ञाच पाठवितात. पण आज्ञेत ‘आताची वेळ’ किंवा ‘कोणतीही एक संख्या’ असे काही असेल तर दोन ठिकाणी दोन उत्तरे निघण्याचा धोका असतो. दुसरीत आज्ञेमुळे बदललेली ओळच पाठवितात. लॉग मोठा होतो, परंतु नक्कल बिनचूक उतरते.

पुढचा प्रश्न वेळेचा. दुसऱ्या सर्व्हरकडून ‘पोहोचले’ असा निरोप येईपर्यंत मुख्य सर्व्हरने थांबावे काय? थांबल्यास नोंद सुरक्षित राहते, पण काम मंदावते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. दुसरा सर्व्हर १,००० किलोमीटरवर असेल, तर जाऊन येण्यासच १० मिलिसेकंद लागतात. म्हणजे एकापाठोपाठ एक केलेले व्यवहार सेकंदाला १०० पेक्षा अधिक होऊ शकत नाहीत. न थांबल्यास काम झरझर होते, पण नक्कल मूळ वहीच्या थोडी मागे राहते.

ही ‘थोडी मागे’ किती महागात पडते, हे गिटहबच्या अनुभवावरून दिसते. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील त्यांच्या केंद्राची जोडणी अवघी ४३ सेकंद तुटली. स्वयंचलित यंत्रणेने पश्चिम किनाऱ्यावरील सर्व्हरांना मुख्यपद दिले. पूर्वेकडील काही नोंदी तेथे पोहोचल्या नव्हत्या, आणि तेथे तर नव्या नोंदी सुरू झाल्या. दोन्ही वह्या खऱ्या, पण दोन्ही अपुऱ्या! घाईपेक्षा माहितीची शुद्धता महत्त्वाची, असे ठरवून त्यांनी दुरुस्ती केली; सेवा पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली.

नक्कल म्हणजे बॅकअप नव्हे

येथे विद्यार्थ्यांचा नेहमी गोंधळ होतो. मुख्य सर्व्हरवर कोणी चुकून संपूर्ण कोष्टक पुसले, तर ती आज्ञाही लॉगमधून जाते आणि नकलेतील कोष्टकही पुसले जाते. नक्कल यंत्राच्या बिघाडापासून वाचविते, माणसाच्या चुकीपासून नाही. त्यासाठी ठरावीक वेळी घेतलेला, वेगळ्या जागी ठेवलेला बॅकअपच हवा.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत घडलेली घटना या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. वाढत्या ताणामुळे दुय्यम सर्व्हर मागे पडला. त्याला हवे असलेले जुने लॉग मुख्य सर्व्हरने तोवर पुसून टाकले होते आणि ते इतरत्र जपून ठेवण्याची सोय नव्हती. नक्कल मुळापासून करावयाची म्हणून दुय्यम सर्व्हर रिकामा केला गेला. काम पुढे सरकेना, तेव्हा रात्री उशिरा एका अभियंत्याने डेटाची फाइलजागा पुसण्याची आज्ञा पुन्हा दिली. पण ती दिली गेली मुख्य सर्व्हरवर. चूक एकदोन सेकंदांत ध्यानी आली. तोवर सुमारे ३०० जी.बी.पैकी ४.५ जी.बी. उरले होते.

बॅकअप शोधू लागताच दुसरा धक्का बसला. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा, आणि बॅकअप घेणारा प्रोग्राम ९.२ चा! त्यामुळे रोजचा बॅकअप होतच नव्हता. तो फसल्याची सूचना देणारे ई-मेलही प्रमाणीकरणाअभावी परत फिरत होते. सुदैवाने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी कोणी एक प्रत काढून ठेवली होती. तीवरून सेवा उभी राहिली. मधल्या तासांतील सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० अभिप्राय आणि ७०० नवी खाती यांच्या नोंदींवर मात्र पाणी सोडावे लागले. कंपनीने हे सारे प्रांजळपणे प्रसिद्ध केले, म्हणूनच आज ते आपणांस शिकता येते.

व्यवस्थापकाचे कर्तव्य

यावरून काही नियम हाती लागतात. नक्कल किती मागे आहे हे सतत मोजावे, आणि मर्यादा ओलांडताच इशारा मिळावा. लॉग वेगळ्या जागी जपावेत. जुना बॅकअप आणि त्यानंतरचे लॉग मिळून चुकीच्या आधीच्या क्षणापर्यंत परत जाता येते. शक्य असल्यास एक नक्कल मुद्दाम तासभर मागे ठेवावी. चूक तेथे पोहोचण्यापूर्वी तिला अडविता येते. मुख्य आणि दुय्यम सर्व्हरचे पडदे वेगळ्या रंगांचे असावेत, म्हणजे थकलेल्या डोळ्यांनाही फरक दिसेल. आणि सर्वांत महत्त्वाचे : बॅकअपवरून डेटाबेस नव्याने उभा करण्याचा सराव ठरावीक काळाने करून पाहावा. जो कधी उघडून पाहिला नाही, तो बॅकअप आहे असे मानण्यास काही आधार नाही.

आपल्यापैकी काहीजण उद्या बँकेत, रुग्णालयात वा विद्यापीठात अशा डेटाबेसची राखण करतील. तेथील प्रत्येक ओळीमागे कोणाची तरी ठेव, कोणाचे औषध, कोणाचे गुण असतील. जुना मुनीम दिवसाअखेर शिल्लक जुळल्याखेरीज दिवा मालवीत नसे. यंत्रे बदलली, ती सवय बदलण्याचे कारण नाही.